घरी जाताना

जुलैतला एक शुक्रवार. ऑफिसमधून निघायलाच साडेसात झाले. कारण नेहमीचंच, शेवटच्या क्षणी कोणाला तरी कुठला तरी बग सापडला. वीकांताला घरी येतो असं आईला फोनवर सांगून बसलो होतो, आणि आईला एकदा सांगितलं की मग पाऊस असो नाहीतर प्रलय, जावंच लागतं. आमचं गाव माणगावच्या अलीकडे. ताम्हिणी घाटानं गेलं तर अंतर फार नाही, पण मुळशी सोडल्यावर असं काही धुकं उतरलं की पुढचं वळण आहे की दरी, हे वळणावर पोचल्यावरच कळायचं. वायपर नुसते नावाला हलत होते.

घाटात एका वळणावर दिव्यांच्या उजेडात एक स्कूटर दिसली. बंद पडलेली. शेजारी एक माणूस, आणि डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन उभी असलेली त्याची बायको. त्यानं हात केला. माझा पाय ब्रेकवर गेला, पण मी ब्रेक दाबला नाही. मागून कोणीतरी येईलच, असं म्हटलं स्वतःशी. रात्रीची वेळ, अनोळखी माणसं, शिवाय दरड आली तर आपणच अडकू... कारणं एका सेकंदात किती भराभर सुचतात! मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग आणि आईसाठी घेतलेल्या मिक्सरचा खोका होता. म्हणजे जागा होती.

घरी पोचलो. आईनं दारातच विचारलं, "रस्त्यात काही त्रास नाही ना झाला?" म्हटलं, "काही नाही गं."

दुसऱ्या दिवशी वीज गेलेली, नेटवर्क गेलेलं. माळ्यावरच्या खोक्यात कॉलेजात असताना फूटपाथवरून घेतलेलं एक पुस्तक सापडलं. झेनोफनचं 'अ‍ॅनाबॅसिस'. पूर्वी वाचलं होतं ते लढायांसाठी. या वेळी मात्र त्यातला एक खेचरवाला डोक्यात जाऊन बसला. त्याची गोष्ट सांगायची म्हणून आजचा हा लेख. पण त्याच्यापर्यंत पोचायला जरा चालावं लागेल, तेही बर्फातून. तेव्हा चहा घेऊन बसा.

साल इसवी सनापूर्वी ४०१. इराणच्या अवाढव्य साम्राज्याच्या गादीवर दुसरा आर्टाझर्क्सिस. त्याचा धाकटा भाऊ सायरस. धाकट्याला गादी हवी होती (भाऊबंदकी ही काही फक्त आपली मक्तेदारी नाही). त्यानं पैसे देऊन ग्रीक शिपायांची फौज गोळा केली. सुरुवातीला त्यांना खरं सांगितलंच नाही, कुठल्याशा डोंगरी टोळ्यांवर स्वारी आहे असं म्हणून नेलं. खरा प्रकार हळूहळू कळत गेला तसा पगार वाढवून मिळाला आणि मंडळी पुढे चालत राहिली. बॅबिलोनजवळ मोजदाद झाली तेव्हा १०,४०० जड शस्त्रांचे पायदळ आणि सुमारे २,५०० हलके शिपाई होते. इतिहासात यांना 'दहा हजार' म्हणतात ते ढोबळमानानं.

आजच्या इराकमध्ये, बॅबिलोनपासून जवळच कुनाक्सा इथे लढाई झाली. ग्रीकांनी आपल्या समोरची फळी उधळून लावली. जिंकलो अशा समजुतीत रात्र काढली आणि सकाळी निरोप आला की सायरस मेला. म्हणजे ज्याच्यासाठी आलो तोच नाही. पगार देणारा नाही, वाट दाखवणारा नाही आणि घर शेकडो कोस दूर. त्यावर कळस म्हणजे तिसाफेर्नीस नावाच्या इराणी सुभेदारानं बोलणी करायला म्हणून ग्रीकांच्या पाच सेनापतींना तंबूत बोलावलं, पकडलं आणि पुढे त्यांची डोकी उडवली गेली.

त्या रात्री छावणीत फारसं कोणी जेवलं नाही, बऱ्याच जणांनी शेकोट्याही पेटवल्या नाहीत. आणि इथे आपला लेखक पुस्तकात पुढे येतो. झेनोफन अथेन्सचा. सैन्यात त्याला काही हुद्दा नव्हता. मित्रानं चल म्हटलं म्हणून आलेला. निघण्यापूर्वी त्यानं गुरूचा सल्ला विचारला होता, आणि गुरू कोण, तर साक्षात सॉक्रेटिस! सॉक्रेटिस म्हणाला, डेल्फीला जाऊन देवाला विचार. यानं तिथे जाऊन विचारलं, की माझा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कोणत्या देवांना नैवेद्य दाखवू? 'जाऊ की नको' हे विचारलंच नाही. सॉक्रेटिसनं त्यावरून त्याला बोल लावले. उत्तर आधी ठरवून मग प्रश्न बेतायचा, ही खोड आपल्याकडच्या प्रोजेक्टांत नवीन नाही म्हणायची!

तर त्या रात्री झेनोफनला जराशी झोप लागली आणि स्वप्न पडलं. वडिलांच्या घरावर वीज पडली आणि सगळं घर पेटलं. दचकून उठला आणि विचार करू लागला की मी इथे पडून कशाची वाट बघतोय? दुसऱ्या कोणत्या गावचा सेनापती येऊन हे करणार आहे? उठून त्यानं अधिकाऱ्यांना जमवलं. पहाटेपर्यंत नवे सेनापती निवडले गेले, त्यांत हाही. पुढे गाड्या आणि तंबू जाळून टाकले, कारण ओझं असलं की माणूस ओझ्याच्या चालीनं चालतो. कायरिसोफस नावाचा स्पार्टाचा सेनापती बिनीला, झेनोफन पिछाडीला.

ही पिछाडी लक्षात ठेवा. पुढे चालणाऱ्याला वाट शोधावी लागते. मागे चालणाऱ्याला मात्र पुढच्या सगळ्यांनी मागे टाकलेलं दिसत असतं.

आल्या वाटेनं परत जाणं शक्य नव्हतं. तिथलं धान्य येतानाच संपवलेलं. मग तैग्रिस नदीच्या कडेनं उत्तरेकडे आणि तिथून डोंगरात. आधी कार्डुखी लोकांचा मुलूख. राजाला न जुमानणारे डोंगरी लोक. सात दिवस लागले तो पार करायला, आणि साती दिवस लढाई. वरून दगड गडगडत यायचे, बाण असे की ढाल आणि चिलखत दोन्ही फोडून जायचे. त्यात पाऊस. राजाच्या अख्ख्या फौजेनं दिला नव्हता एवढा त्रास या सात दिवसांत झाला, असं झेनोफन स्वतः लिहितो.

इथला एक प्रसंग मला पूर्वी वाचताना जाणवलाच नव्हता. पुढे एक खिंड अडवलेली होती. ग्रीकांनी दोन कार्डुखी पकडले आणि वेगवेगळं विचारलं, दुसरी वाट आहे का? पहिला काही केल्या बोलेना. त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत मारलं. मग दुसऱ्यानं सांगितलं की वाट आहे, पण हा बोलला नाही कारण त्या बाजूला याची मुलगी दिली आहे. लेकीचं सासर वाचवण्यासाठी तो माणूस गप्प राहून मेला. झेनोफन हे दोन वाक्यांत सांगून पुढे जातो. त्याला घरी जायची घाई आहे ना!

डोंगर उतरल्यावर नदी आडवी आली. पाणी छातीच्या वर, पलीकडे शत्रू, मागे पुन्हा कार्डुखी. झेनोफन न्याहारी करत असताना दोन पोरं धावत आली. सरपण गोळा करताना त्यांना पलीकडच्या काठावर एक म्हातारा, एक बाई आणि काही मुली खडकात कपड्यांची गाठोडी लपवताना दिसल्या होत्या. तिथे पोहून जाता येईल म्हणून ही पोरं उघडी होऊन पाण्यात उतरली, तर पाणी कमरेपर्यंतही नाही. उतार सापडला! झेनोफन इथे सांगतो की मी जेवत असलो तरी आणि झोपलो असलो तरी कोणीही येऊन उठवावं, हे सगळ्यांना माहीत होतं. अख्खी फौज वाचली ती दोन ज्युनिअर पोरांना साहेबाच्या न्याहारीत घुसायची भीती वाटली नाही म्हणून. हे वाक्य आपापल्या मॅनेजरना पाठवायला हरकत नाही :)

पुढे आर्मेनिया. आजच्या तुर्कस्तानचा पूर्वेकडचा भाग. समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर उंचीवरचं पठार, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर मैलोगणती उघडी जमीन आहे अशी कल्पना करा. आणि ऐन हिवाळा. हे लोक ग्रीसचे, उन्हाळ्यात वाळवंटाकडे निघालेले. गरम कपडे कुठून असणार?

एका रात्री इतका बर्फ पडला की उघड्यावर झोपलेली माणसं आणि त्यांची शस्त्रं दिसेनाशी झाली. सकाळी कोणी उठेना, कारण अंगावर साचलेल्या बर्फाचीच ऊब वाटत होती. झेनोफन पांघरूण टाकून तसाच उघडा उठला आणि लाकडं फोडू लागला. त्यानं 'उठा' असा हुकूम दिला नाही. थोड्या वेळानं एकानं उठून त्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली, मग आणखी एक उठला, शेकोट्या पेटल्या.

यानंतरचे काही दिवस सगळ्यात वाईट. युफ्रेटिस नदी उगमाजवळ कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडली आणि मग पुरुषभर खोल बर्फातून वाटचाल. समोरून उत्तरेचा वारा. त्यात जनावरं गेली, गुलाम पुष्कळ गेले, शिपाई तीसेक. (गुलामांचा आकडा नाही, फक्त 'पुष्कळ'.) काही जण चालता चालता पडायचे. झेनोफनला आधी कळेना हे काय. कोणी जाणत्यानं सांगितलं की ही भुकेची ग्लानी आहे, खायला दिलं की उठतील. मग तो सामानातून मिळेल ते खायचं घेऊन मागे-पुढे वाटत फिरला, आणि खरंच माणसं उठून चालू लागली. बर्फाच्या चकाकीनं डोळे जाऊ नयेत म्हणून डोळ्यांसमोर काहीतरी काळं धरून चालायचं. पाय हलते ठेवायचे. रात्री पादत्राणं सोडायची, नाहीतर वाद्या मांसात रुतून गोठतात. जुनी पादत्राणं फाटलेली, म्हणून ताज्या सोललेल्या बैलाच्या कातड्याचे जोडे केलेले, ते तर पायालाच चिकटून बसत. कोणाची बोटं झडली, कोणाची दृष्टी गेली. अशांपैकी काही मागे राहिले.

एका ठिकाणी गरम पाण्याचा झरा होता, तिथला बर्फ वितळून जमीन काळी दिसत होती. थकलेले लोक तिथे जाऊन बसले आणि म्हणाले, आम्ही आता उठत नाही. झेनोफननं विनवलं, शत्रू मागावर आहे म्हणून सांगितलं, शेवटी रागावला. ते म्हणाले, मारून टाका, पण चालवत नाही. मग त्यानं निराळाच उपाय केला. यांना उठवता येत नाही तर मागावरच्यांना घाबरवू. अंधारात पिछाडीच्या धडधाकट शिपायांनी हल्ला चढवला आणि आजाऱ्यांनी बसल्या जागी जमेल तेवढा ओरडा करून ढालींवर भाले आपटले. मागावरचे पळाले. उद्या तुम्हाला न्यायला माणसं येतील असा शब्द देऊन झेनोफन पुढे गेला. पहाटे त्यानं आपल्यातले सर्वांत तरुण शिपाई मागे पाठवले. तोवर पुढे गावात पोचलेल्या कायरिसोफसनंही मागची खबर घ्यायला माणसं धाडली होती. वाटेत दोघांची गाठ पडली आणि आजारी माणसं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अशी गावात पोचली.

आता तो खेचरवाला.

ही गोष्ट झेनोफन तेव्हा सांगत नाही. ती बाहेर येते नंतर, काळ्या समुद्राच्या काठी पोचल्यावर, जीव वाचल्यावर. तिथे शिपायांनी ठरवलं की सेनापतींच्या आजवरच्या वागणुकीचा हिशेब घ्यायचा. (घरी पोचायच्या आतच अप्रेजल, तेही खालून वर!) झेनोफनवर आरोप, की यानं आम्हाला मारलं. त्यानं पहिल्या तक्रारदाराला विचारलं, कुठे मारलं? उत्तर आलं, जिथे थंडीनं मरायला टेकलो होतो, तिथे. झेनोफननं त्याला नीट न्याहाळलं आणि ओळखलं. हा तोच, ज्याच्या खेचरावर मी एक आजारी माणूस लादला होता!

घडलं होतं असं. मागे शत्रू, एक शिपाई पडलेला, चालणं अशक्य. झेनोफननं या गड्याच्या खेचरावरचं सामान उतरवून इतरांत वाटलं आणि आजाऱ्याला वर घातलं. पुढे पिछाडी घेऊन तो पोचतो तर हा खड्डा खणतोय. झेनोफनला आधी बरंच वाटलं, मेलेल्याला मूठमाती देतोय बिचारा. तेवढ्यात त्या 'मेलेल्या'नं पाय आखडला. बघणारे ओरडले, अरे जिवंत आहे! खेचरवाला म्हणाला, असेना का, मी काही याला नेणार नाही. तेव्हा झेनोफननं त्याला बदडलं.

सभेत खेचरवाल्यानं आपली बाजू मांडली. तो शेवटी मेलाच ना? त्यावर झेनोफननं विचारलं की मरायचं तर आपल्या सगळ्यांनाच आहे, म्हणून काय आत्ताच पुरून घ्यायचं? सभा ओरडली की याला मारलं ते कमीच मारलं. बाकी तक्रारदार मग पुढे आलेच नाहीत. झेनोफननं आपण होऊनच कबूल केलं की बसून राहिलेल्यांनाही मी मारलंय. एकदा स्वतः थंडीत बराच वेळ बसलो होतो, उठताना पाय ताठले होते, तेव्हापासून कोणी बसलेला दिसला की हाणून उठवायचो.

खेचरवाल्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही, हे त्यातलं वाईट. तो माणूस खरंच मेला. हिशेबानं बघितलं तर ओझं वाया गेलं. खेचरवाला दुष्ट नव्हता, तो थकलेला होता आणि त्याला घरी जायचं होतं. घरी जायची ओढ ही किती चांगली, किती हळवी गोष्ट म्हणतो आपण! पण त्याच ओढीनं तो खड्डा खणला गेला.

बरं, झेनोफन तरी कोण मोठा संत? हे सगळं त्यानंच लिहिलंय, स्वतःचा उल्लेख 'झेनोफन' असा तिऱ्हाईतासारखा करून. सेल्फ-अप्रेजलच म्हणा. डायोडोरस नावाच्या नंतरच्या इतिहासकारानं हीच वाटचाल लिहिली, तर त्यात या डोंगरांमध्ये झेनोफनचं नावसुद्धा येत नाही. आणि त्याच्या पुस्तकातच नीट पाहिलं तर दिसतं की ज्यांच्या गावांतून ही फौज गेली त्यांची कोठारं रिकामी झाली, माणसं धरून विकली गेली. ताओखी नावाच्या लोकांचा कडा ग्रीकांनी घेतला, तेव्हा तिथल्या बायकांनी आधी मुलांना कड्यावरून खाली टाकलं आणि मग स्वतः उड्या घेतल्या. पुरुषही मागोमाग गेले. दहा हजारांच्या घरी जाण्याच्या वाटेवर दुसऱ्यांची घरं होती.

यानंतर काही दिवसांनी तो प्रसिद्ध प्रसंग. डोंगरमाथ्यावरून आरडाओरडा ऐकू आला, हल्ला झाला समजून झेनोफन घोड्यावरून धावला, तर वर पोचलेले लोक समुद्र दिसला म्हणून ओरडत होते. सेनापती, शिपाई एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. मला मात्र त्यानंतरच्या दोन नोंदी जास्त आवडतात. ट्रॅपेझस (आजचं ट्रॅबझोन) या बंदरात महिनाभर राहूनही सगळ्यांना पुरतील एवढी जहाजं मिळाली नाहीत. मग जी मिळाली त्यांत कोणाला चढवलं? आजाऱ्यांना, चाळिशीच्या वरच्यांना, बायका आणि मुलांना. धडधाकट लोक पुन्हा पायीच निघाले. आणि पुढच्या मुक्कामी मोजदाद झाली, ८,६०० भरले.

मोजदाद! मला वाटतं, सगळ्या पुस्तकात घरी पोचण्याचा खरा अर्थ तिथे आहे. 'मी पोचलो' असं म्हणून भागत नाही, किती जण पोचले ते मोजावं लागतं.

खुद्द झेनोफन बरीच वर्षं घरी पोचलाच नाही. अथेन्सनं त्याला हद्दपार केलं, आणि ऑलिंपियाजवळ स्पार्टानं दिलेल्या जमिनीवर त्यानं बिऱ्हाड केलं. पुस्तकाच्या नावाची गंमतही बघा. 'अ‍ॅनाबॅसिस' म्हणजे समुद्रकाठावरून वर, आतल्या मुलखात चढून जाणं. ते सात भागांपैकी पहिल्या भागातच संपतं. उरलेले सहा भाग नुसतं परत येणं आहे.

असो. रविवारी पाऊस उघडला. परतताना त्या वळणावर गाडी थांबवली. वेडेपणाच, तिथे कोण असणार? कड्यावरून पाणी कोसळत होतं, दोन पोरं मोबाईलवर फोटो काढत होती. विळ्याला चहा घेतला तेव्हा टपरीवाल्याला विचारावंसं वाटलं, की शुक्रवारी रात्री एक जोडपं भिजून आलं होतं का हो इथे? विचारलं नाही. 'नाही' म्हणाला असता तर काय, हा प्रश्न होता.

गाडीच्या डिकीत आता दोन जुने रेनकोट आणि ओढायचा दोर टाकून ठेवलाय. आईनं विचारलं, हे कशाला? तेव्हा तिला शुक्रवारचं सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. निघताना डब्याबरोबर एक जुनी चादर आणून तिनं त्यावर ठेवली.